'पुट ऑफ' म्हणजे रद्द नव्हे: धंद्याच्या इंग्रजीतले छोटे शब्द



आज भांडवल, लायसन्स, पॅकिंग यातलं काही नाही. आज इंग्रजी. पण शाळेतलं नाही, आपल्या मोबाइलवर ग्राहकाकडून येतं ते. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, कारण त्या एका चुकीचे मी २४,००० रुपये मोजलेत.

दुकान सुरू करून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. बंगळुरूच्या एका ऑफिसने स्टाफला भेट द्यायला पाच डझनी हापूसच्या ४० पेट्या सांगितल्या. दर पेटीला २,४०० ठरला. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच, त्यामुळे मी खुशीत. आंबा उतरवला, निवडला, पेट्या भरल्या, आणि गाडी निघायच्या दोन दिवस आधी मेसेज आला. ऑफिस दुसऱ्या जागेत हलवतोय, त्यामुळे 'वी हॅव टू पुट ऑफ द डिलिव्हरी. सॉरी फॉर द ट्रबल.'

मी काय वाचलं? 'सॉरी' वाचलं आणि 'ऑफ' वाचलं. लाइट ऑफ, मोबाइल ऑफ, तशी ऑर्डर ऑफ. संपलं. मी 'ओके सर, नो प्रॉब्लेम' लिहून टाकलं आणि त्याच रात्री चाळीसच्या चाळीस पेट्या वाशीला पाठवल्या. आंबा कोणासाठी थांबत नाही. वाशीला त्या आठवड्यात आवक जोरात होती, सगळा खर्च जाऊन हातात पेटीला १,५०० पडले.

आठ दिवसांनी बंगळुरूहून फोन. 'सर, वी आर रेडी नाऊ. व्हेअर आर अवर बॉक्सेस?' मी गार! शब्द तर दिलेला होता. ओळखीच्या बागायतदाराकडून २,१०० ने ४० पेट्या उचलल्या आणि पाठवल्या. हिशेब तुम्हीच करा. सरळ ९६,००० यायचे होते. वाशीचे ६०,००० आले, बंगळुरूचे ९६,००० आले आणि बागायतदाराला ८४,००० गेले. हातात राहिले ७२,०००. दुसऱ्यांदा गाडी लावली तो खर्च वेगळाच.

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. रद्द करणे म्हणजे 'कॉल ऑफ'. मी बीबीए केलंय, प्रेझेंटेशनं इंग्रजीतून दिलीत. तरीही हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. म्हणून कोणाला इंग्रजी येत नाही म्हणून हसू नका, आणि स्वतःलाही कमी समजू नका.

आता म्हणाल, आपल्याला कशाला हवं हे? आपलं गिऱ्हाईक मराठी. खरंय, पण ते दिवस बदलतायत. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या कोकमाला त्याच्याही आधी, २०१६ मध्ये. मानांकन बघून विचारणारा माणूस हैदराबादचा असतो, चेन्नईचा असतो, दुबईतला असतो. तो मराठीत विचारणार नाही. शिवाय बँकेचं पत्र, कुरिअरचा ट्रॅकिंग मेसेज, ऑनलाइन विक्रीच्या साइटचे नियम, हे सगळं याच इंग्रजीत येतं.

क्रियापदामागचं शेपूट

'पुट', 'टेक', 'गेट', 'रन', 'सेट', 'पे', 'ब्रेक' ही क्रियापदं आपल्याला पाचवीपासून येतात. 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन', 'डाउन', 'बॅक', 'ओव्हर' हेही येतात. घोळ होतो तो दोन्ही एकत्र आले की. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे बंद किंवा दूर, आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे! दोन ओळखीची माणसं एकत्र येऊन तिसऱ्याच नावाने धंदा करतात म्हणा ना. इंग्रजी व्याकरणात याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल.

आपल्या आईवडिलांच्या पिढीतले कितीतरी जण तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन इंग्रजी शिकले. या वाक्याचं ते वाक्य करायचं. सवय उत्तम लागायची. पण ती पद्धत आपण वाक्यावरून शब्दावर आणली, म्हणजे एका शब्दाला एक अर्थ लावत गेलो, की इथे आपटतो. यात आपली एकट्याची चूक नाही हां. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदामागे लागणाऱ्या या छोट्या शब्दांचा परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो.

पण मला विचाराल तर मराठी माणसाला हा त्रास कमी व्हायला हवा. कारण आपण दिवसभर हेच करतो. बघा:

पैसे दे.
पैसे देऊन टाक.
पैसे देऊन ठेव.
पैसे देऊन बघ.
पैसे देऊन बसलो.

'देऊन टाक' मध्ये कोणी काही टाकत नाही. एकदाचं मिटव, असा अर्थ. 'देऊन ठेव' म्हणजे पुढे उपयोगी पडेल म्हणून आत्ताच दे. आणि 'त्या सप्लायरला ॲडव्हान्स देऊन बसलो' असं कोणी म्हणालं तर तो खुर्चीवर बसलाय असं तुम्हाला वाटतं का? नाही. तो पस्तावलाय हे तुम्हाला लगेच कळतं. 'बसणे' या क्रियापदाने आपला मूळ अर्थ सोडला आणि 'देणे'ला पस्तावा जोडला. मराठी हे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, इंग्रजी ते 'अप'-'ऑफ' कडून करून घेते.

हीच यादी इंग्रजीत 'पे' ची लावून बघा. 'पे' म्हणजे देणे. 'पे बॅक' म्हणजे घेतलेले परत करणे. 'पे ऑफ' म्हणजे कर्ज पूर्ण फेडून मोकळे होणे. 'पे अप' म्हणजे टाळाटाळ बास, आता पैसे टाक. हे ग्राहकाला कधी लिहू नका, भांडण होईल. 'पे फॉर' म्हणजे एखाद्या वस्तूचे पैसे देणे. बिल असेल तर नुसतं 'पे द बिल', आंबे असतील तर 'पे फॉर द मँगोज'. आणि 'इट पेड ऑफ' असं कोणी म्हणालं तर त्यात पैशाचा संबंधच नसेल कदाचित. घेतलेल्या मेहनतीचं फळ मिळालं, असं तो म्हणतोय.

'बसणे' सारखी सवय लावायची

सगळी यादी पाठ करायला जाऊ नका, ती संपत नाही. शेपटांचा एक अंदाज मात्र येतो. नियम नाही, अंदाज.

'अप' बऱ्याच वेळा आपल्या 'टाकणे'सारखा वागतो. काम पूर्ण करतो. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'पॅक अप' म्हणजे आवरून टाकणे, 'सेटल अप' म्हणजे हिशेब मिटवून टाकणे, 'वाइंड अप' म्हणजे गुंडाळणे. कधी कधी तो खरंच वर जातो. 'सेल्स हॅव पिक्ड अप' म्हणजे विक्रीने उचल खाल्ली. तुमचे आंबे नेणारी 'पिकअप' गाडी तिथलीच, माल उचलणारी.

'ऑफ' म्हणजे बंद, हे डोक्यातून काढा. माझं नुकसान त्यानेच झालं. 'ऑफ' म्हणजे मूळ जागेपासून वेगळं होणं, दूर जाणं. विमान जमिनीपासून सुटतं ते 'टेक ऑफ'. कर्ज अंगावरून उतरतं ते 'पे ऑफ'. तारीख दूर जाते ते 'पुट ऑफ'. ठरलेला बेतच मोडतो ते 'कॉल ऑफ'. 'होल्ड ऑफ' म्हणजे जरा थांबा, अजून करू नका.

'आउट' मध्ये संपणं आणि बाहेर पडणं दोन्ही आहे. क्रिकेटमुळे 'रन आउट' म्हटलं की आपल्याला स्टंप दिसतात. पण 'वी हॅव रन आउट ऑफ कोकम आगळ' म्हणजे आगळ संपलं. 'सेल आउट' म्हणजे सगळं विकलं जाणं. 'बॅक आउट' म्हणजे शब्द देऊन माघार घेणं, आपल्याकडे हात वर करतात तेच.

'डाउन'ची एक गोष्ट सांगतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका ताई बचत गटातून आंबापोळी आणि फणसपोळी करतात. हात असा की एक पोळी खाऊन थांबता येत नाही. त्यांना पुण्यातल्या एका हॉटेलवाल्याचा मेसेज आला, 'कॅन यू ब्रेक डाउन द प्राइस?' ताईंनी विचार केला, ब्रेक म्हणजे तोडा, डाउन म्हणजे खाली. दर तोडून खाली आणा म्हणतोय. किलोमागे ४० रुपये कमी करून दिले. हॉटेलवाला खूश, का नाही होणार? त्याने फक्त दराची फोड मागितली होती. पोळीचे किती, पॅकिंगचे किती, कुरिअरचे किती, जीएसटी किती. मला त्यांनी नंतर मेसेज दाखवला तेव्हा मीच हळहळलो. ताई म्हणाल्या, 'जाऊ दे दादा, आमच्याकडे एसटी ब्रेकडाउन होते तेवढंच ब्रेकडाउन ठाऊक.' पुढच्या ऑर्डरला त्यांनी फोड करून पाठवली आणि दर जुनाच लावला. त्याने मुकाट्याने दिला.

दर खरंच कमी करून मागायचा असेल तर तो 'ब्रिंग डाउन द प्राइस' म्हणेल, किंवा सरळ डिस्काउंट मागेल. आणि 'दे टर्न्ड डाउन अवर कोटेशन' म्हणजे आपलं कोटेशन नाकारलं. त्यात कमी-जास्तीची बोलणीच उरलेली नाहीत.

'बॅक' सोपा वाटतो. 'सेंड बॅक' परत पाठवणे, 'कॉल बॅक' परत फोन करणे. पण 'वुई विल गेट बॅक टू यू' याचा अर्थ नुसता 'आम्ही परत येऊ' असा लावू नका. मुलगी बघायला आलेली मंडळी निघताना 'कळवतो' म्हणतात ना, तो सूर आहे हा. होकारही असू शकतो, नकारही. 'वुई विल लुक इनटू इट' म्हणजे 'बघतो'. आपल्याकडच्या 'बघतो'ला जेवढा भरवसा तेवढाच त्यालाही. अशा वेळी तीन-चार दिवसांनी आपणच विचारायचं. त्यालाच 'फॉलो अप' म्हणतात. माणसाकडे करायचा तर 'फॉलो अप विथ', विषयाचा करायचा तर 'फॉलो अप ऑन'. आणि कोणी 'द डील फेल थ्रू' लिहिलं तर सौदा फिसकटला. 'फॉलो थ्रू' म्हणजे मात्र बोललं ते शेवटपर्यंत नेणं. थोडासाच फरक आणि अर्थ अगदी उलटा, म्हणून चष्मा लावून वाचा.

बँकेतले तीन 'ऑफ'

इथे जरा थांबा, कारण हे माहीत नसलं तर महागात पडतं.

पेपरात बातमी येते, अमुक बँकेने इतक्या कोटींची कर्जं 'राइट ऑफ' केली. लोक समजतात माफ केली. 'राइट ऑफ' म्हणजे कर्जमाफी नाही. ते कर्ज वसूल होण्याची आशा कमी आहे असं धरून बँकेने आपल्या ताळेबंदातून ते काढलं, एवढंच. कर्जदाराचं देणं तसंच राहतं, वसुलीही चालू राहते. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर 'रिटन ऑफ' असा शेरा असेल तर 'सुटलो' म्हणून पेढे वाटू नका. तो वाईट शेरा आहे. पुढच्या कर्जाच्या वेळी बँकवाला तोच बघणार. माफ करणे याला शब्द आहे 'वेव्ह'. आपल्याकडे सर्रास 'वेव्ह ऑफ' म्हणतात, पण त्याला 'ऑफ' लागत नाही.

'पे ऑफ' वर सांगितलंच. कर्ज पूर्ण फेडलं की रिपोर्टवर 'क्लोज्ड' येतं. बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरून मिटवलं तर 'सेटल्ड' येतं. 'सेटल्ड' ऐकायला छान वाटतं, मुलगा सेटल झाला असं आपण कौतुकाने म्हणतोच. रिपोर्टवर मात्र ते कौतुक नाही.

तिसरा 'सेट ऑफ'. एरवी 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे. बँकेच्या कागदावर 'राइट टू सेट ऑफ' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ वेगळा. तुमचे हप्ते थकले तर त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यातली रक्कम त्या थकबाकीपोटी वळती करून घ्यायचा अधिकार. सही करण्याआधी ही ओळ शोधा.

याच कुळातला आणखी एक शब्द रोज आपल्या तोंडी असतो, 'टर्नओव्हर'. 'टर्न ओव्हर' म्हणजे उलटणे, पालटणे. माल विकला, पैसे आले, पुन्हा माल घेतला. वर्षभरात अशी जी उलाढाल होते ती टर्नओव्हर. नफा नाही! उद्यम नोंदणीत १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी १० कोटींपर्यंतची उलाढाल आणि यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंतची गुंतवणूक अशी मर्यादा आहे. 'दहा कोटी? आपण त्यात कुठे बसणार,' असं मला एक जण म्हणाला. अरे बाबा, ती वरची मर्यादा आहे. तुझी पाच लाखांची उलाढाल असली तरी तू त्यात बसतोसच.

'इट' कुठे ठेवायचा

वाचणं झालं. आता लिहिताना एक गोष्ट सांभाळायची. 'पिक अप द बॉक्सेस' चालतं, 'पिक द बॉक्सेस अप' पण चालतं. पण 'बॉक्सेस' ऐवजी 'देम' आलं की ते मधेच बसायला हवं. 'पिक देम अप' बरोबर, 'पिक अप देम' चूक. तसंच 'फिल इट इन', 'पुट इट ऑफ', 'सेंड इट बॅक'.

हे सगळीकडे नाही चालत. 'लुक इनटू', 'डील विथ', 'पे फॉर' यांच्या पोटात काही घालता येत नाही. 'लुक इनटू इट', 'डील विथ इट' असंच. फरक असा की 'पिक अप'मधला 'अप' क्रियापदाचा माणूस आहे, क्रियाविशेषण. तो थोडा लांब गेला तरी नातं तुटत नाही. 'लुक इनटू'मधला 'इनटू' पुढच्या नामाचा माणूस आहे, शब्दयोगी अव्यय. मराठीत आपण 'घरामध्ये' हे फोडून मधे दुसरा शब्द घालत नाही, तसंच.

'डील'चं आणखी एक. व्हिजिटिंग कार्डावर 'वी डील इन काजू अँड कोकम' लिहा, म्हणजे या मालाचा व्यापार करतो. 'डील विथ' म्हणजे एखाद्याशी व्यवहार करणे किंवा प्रश्न हाताळणे. मी एका कार्डावर 'वी डील इन कम्प्लेंट्स' वाचलं होतं. तक्रारींचा व्यापार! त्याला म्हणायचं होतं, तक्रारी सोडवतो.

आणि भूतकाळ. आपण मराठीत 'फॉलोअप केलं', 'हँडओव्हर केलं' म्हणतो, म्हणून इंग्रजी लिहिताना 'फॉलोअप्ड', 'हँडओव्हर्ड' होऊन जातं. काळ क्रियापदाला लागतो, शेपटाला नाही. 'फॉलोड अप', 'हँडेड ओव्हर'.

पुढे म्हणजे नक्की कुठे?

आता सगळ्यात फसवा भाग. मराठीत आपण तारीख 'पुढे ढकलतो', म्हणजे उशिरा करतो. इंग्रजीत हेच 'पुश बॅक'. आपल्याकडे पुढे, त्यांच्याकडे मागे, आणि अर्थ एकच: उशीर. उलट 'ब्रिंग फॉरवर्ड' मध्ये 'फॉरवर्ड' आहे म्हणून तुम्हाला वाटणार तारीख पुढे गेली. नाही! 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे अलीकडे आणणे, लवकर करणे. आपण भारतात 'प्रीपोन' म्हणतो ते. 'प्रीपोन' आपल्याकडे चालतं, पण परदेशातल्या ग्राहकाला लिहिताना टाळा, त्याला कळेलच असं नाही. आणि 'मूव्ह फॉरवर्ड' वर तर इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे त्यांचंही एकमत होत नाही. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली म्हटलं तर कोणी सोमवारी येतो, कोणी शुक्रवारी.

हिशेबाच्या वहीतही हा 'फॉरवर्ड' आहे. पानाच्या तळाला 'कॅरिड फॉरवर्ड', म्हणजे बेरीज पुढच्या पानावर नेली. पुढच्या पानाच्या डोक्यावर 'ब्रॉट फॉरवर्ड', म्हणजे मागच्या पानावरून आणली. कॉलेजात मी हे वर्षभर उलटसुलट लिहिलं. 'नेली' आणि 'आणली' एवढं धरलं तेव्हा डोक्यात बसलं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. ग्राहक काय वाटेल ते शेपूट लावू दे, आपण उत्तर देताना ते वापरायचं नाही. त्याने 'पुट ऑफ' लिहिलं तर आपण 'पोस्टपोन' लिहायचं. 'कॉल ऑफ' ऐवजी 'कॅन्सल', 'सेंड बॅक' ऐवजी 'रिटर्न', 'टर्न डाउन' ऐवजी 'रिजेक्ट'. हे एका शब्दाचे जड शब्द बोलताना पुस्तकी वाटतात, पण पैशाच्या मेसेजमध्ये पुस्तकी वाटलेलं परवडतं. त्यापुढे तारीख आणि नग आकड्यात लिहायचे, आणि प्रश्न विचारायचा. 'यू मीन पोस्टपोन, नॉट कॅन्सल? न्यू डेट प्लीज?' यात लाज कसली? समोरच्याला उलट वाटतं की हा माणूस काळजीने काम करतो.

दुसरी सवय वहीची. मी गल्ल्याशेजारी एक साधी वही ठेवलीय. नवीन जोडी दिसली की त्या मेसेजमधलं अख्खं वाक्य उतरवतो, नुसती जोडी नाही. खाली मराठीत आपण दुकानात काय म्हणू ते लिहितो. शब्दकोशातला अर्थ नाही, आपल्या तोंडचा. 'बॅक आउट' पुढे माझ्याकडे लिहिलंय 'हात वर केले', आणि 'हेल्ड अप ॲट चेकपोस्ट' पुढे 'गाडी नाक्यावर अडकली'. तीन वर्षांत वही अर्धीच भरली, पण भरली ती सगळी माझ्या धंद्यातली आहे.

बंगळुरूचं ते ऑफिस अजून माझ्याकडूनच आंबा घेतं. यंदा त्यांचा मेसेज आला, 'वी वुड लाइक टू ब्रिंग फॉरवर्ड द डिस्पॅच बाय थ्री डेज.' ठरलेली तारीख होती ९ मे. दुकानातला आमचा नवीन मुलगा म्हणाला, 'दादा, तीन दिवस पुढे गेली, १२ ला भरू या.' मी त्याला वही दाखवली आणि मेसेजला उत्तर लिहिलं: 'डिस्पॅच ऑन ६ मे, ६० बॉक्सेस. कन्फर्म?'

दोन मिनिटांत उत्तर आलं, 'येस.' आम्ही त्याच संध्याकाळी पेट्या भरायला घेतल्या.